साक्ष उंदराची, पण नराची की मादीची?

शेवग्याच्या पाल्याच्या कॅप्सूलचे एक माहितीपत्रक दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आले. गुळगुळीत कागद, हिरवी पाने, एका हसऱ्या स्त्रीचे छायाचित्र आणि त्याखाली ‘थायरॉइडचे संतुलन राखते – संशोधनाने सिद्ध’ असे ठळक वाक्य. वाक्यापुढे तारांकन होते व त्याचा खुलासा पत्रकाच्या तळाशी, भिंग घेऊनच वाचता यावा इतक्या बारीक टाइपात होता: औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाचे नाव आणि सन २०००. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण दोष एकट्या कंपनीचा नाही. मूळ निबंध डोळ्यांखालून न घालता त्या कॅप्सूल चार-पाच महिने लिहून देणारा वैद्य मीच होतो.

माझ्या रुग्णांत एक शिक्षिका होत्या. वय त्रेचाळीस, अवटू ग्रंथीची क्रिया मंद, रोज थायरॉक्सिनची पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी चालू. शिग्रूची कॅप्सूल सुरू झाल्यावर ‘आता आयुर्वेदाचे औषध आहेच’ या भरवशावर त्यांनी थायरॉक्सिनची गोळी स्वतःच निम्मी केली. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. तीन महिन्यांनी टीएसएच तीनवरून चौदावर गेलेला अहवाल त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शिग्रूने हे घडवले असे मी म्हणणार नाही. गोळी निम्मी केल्याचाच तो परिणाम असणार. पण त्यांना तो भरवसा ज्या कागदाने दिला तो कागद मी माझ्या हाताने त्यांना दिला होता. द्रव्यगुण विषयात एम.डी. करणाऱ्या एका तरुण वैद्येने, माझ्याच एका मित्राच्या कन्येने, हे ऐकल्यावर तो मूळ निबंध मिळवून मला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘काका, यातले उंदीर कोणते होते ते पाहा.’

पाहिले. तो निबंध इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातील ताहिलियानी आणि कर यांचा आहे. प्रौढ नर व मादी अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांना शेवग्याच्या पाल्याचा जलीय अर्क, शरीरभाराच्या दर किलोस १७५ मिलिग्रॅम या प्रमाणात, दहा दिवस दिला गेला. मादी उंदरांच्या रक्तातील टी-३ हा अंतःस्राव घटला व टी-४ वाढला. नर उंदरांत लक्षणीय असा कोणताच बदल झाला नाही. माद्यांमध्ये मात्रा दुप्पट, म्हणजे ३५० मिलिग्रॅम केली तेव्हा टी-३ सुमारे तीस टक्क्यांनी खाली आला. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष सरळ आहे. हा अर्क ग्रंथीबाहेर होणारे टी-४चे टी-३मध्ये रूपांतर रोखतो असे दिसते, तो नरांपेक्षा माद्यांवर अधिक प्रभावी ठरतो, आणि त्याचा उपयोग व्हायचाच असेल तर अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेत होऊ शकेल.

अतिक्रियेत! आणि मी तो देत होतो मंदक्रियेच्या स्त्रियांना. संशोधकांनी काहीही लपवले नव्हते. लपवले ते पत्रकातील ‘संतुलन’ या एका शब्दाने. टी-३ खाली आणणे हेही संतुलन आणि वर नेणे हेही संतुलन. ग्राहकाने आपापल्या व्याधीनुसार अर्थ लावून घ्यावा. आपल्याकडे थायरॉइडची तक्रार घेऊन येणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात व त्यांतही बहुसंख्य मंदक्रियेच्या. मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील प्रौढांची जी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली तीत मंदक्रियेचे प्रमाण सुमारे अकरा टक्के आढळले आणि स्त्रियांतील प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे ज्या गटात हा अर्क उलट दिशेने काम करण्याची शंका घ्यायला जागा आहे, नेमका तोच गट या कॅप्सूलचा मुख्य ग्राहक.

येथे थोडे मागे जाऊन हे रूपांतर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. पदवीच्या अभ्यासक्रमात आपण ते वाचलेले असते, पण व्यवसायाच्या धबडग्यात टी-३, टी-४ हे प्रयोगशाळेच्या कागदावरचे नुसते आकडे होऊन बसतात. अवटू ग्रंथी मुख्यतः टी-४ स्रवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. प्रत्यक्ष काम करणारा, कितीतरी पटींनी प्रभावी अंतःस्राव म्हणजे टी-३. आणि मनुष्यात त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग ग्रंथीत तयार होत नाही. यकृत, वृक्क, स्नायू, मेंदू अशा ठिकाणी टी-४मधील एक विशिष्ट आयोडीन अणू काढून टाकून तो बनवला जातो. ज्यांच्या शरीरात अवटू ग्रंथीच उरलेली नाही अशा रुग्णांतही दिलेल्या टी-४पासून टी-३ तयार होतो, हे ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. हे काम करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, डीआयोडिनेज म्हणतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला यकृत, वृक्क व स्वतः अवटू ग्रंथीत, दुसरा मेंदू व पोष ग्रंथीसारख्या ठिकाणी. आणि तिसरा प्रकार उलटे काम करतो, अंतःस्राव निष्क्रिय करतो. पहिल्या प्रकाराच्या विकरात सेलेनियम असते ही गोष्ट १९९० मध्ये उघड झाली.

एवढे वाचल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात धात्वग्नीचा विचार आला असेल. माझ्याही आला. पोषक धातूचे त्या त्या स्थानी, त्या त्या अग्नीने रूपांतर होते ही कल्पना या वर्णनाशी जवळीक सांगते यात शंका नाही. परंतु ‘डीआयोडिनेज म्हणजेच धात्वग्नी’ असे समीकरण फळ्यावर लिहून टाळ्या घेण्याची जी खोड आपल्या शिबिरांना जडली आहे तिच्यापासून येथे दूर राहिलेले बरे. साम्य दाखवणे वेगळे आणि एकरूपता जाहीर करणे वेगळे.

आता मूळ मुद्दा. हे विकर नर व मादी उंदरांत सारख्या जोमाने काम करत नाही. प्रौढ नर उंदराच्या यकृतात पहिल्या प्रकारच्या डीआयोडिनेजची क्रिया मादीपेक्षा अधिक असते. नर उंदराच्या रक्तात टीएसएचही मादीपेक्षा जास्त असतो. आणि गोष्ट या एका विकरापुरती नाही. उंदराच्या यकृतात निष्क्रिय कॉर्टिकोस्टेरॉइडचे सक्रिय रूपांत परिवर्तन करणारे एक विकर नरात कितीतरी अधिक असते. उलट टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडांचे रूपांतर करणारे पाच-अल्फा-रिडक्टेज हे विकर त्याच यकृतात मादीमध्ये अनेक पटींनी अधिक असते. म्हणजे ‘नर बलवान, मादी दुर्बल’ असा सोपा हिशोबही येथे लागत नाही. एकाच अवयवात एका विकराचे पारडे इकडे झुकते, दुसऱ्याचे तिकडे.

हे का होते याचा बराच उलगडा झालेला आहे आणि तो मोठा मनोज्ञ आहे. नर उंदराच्या पोष ग्रंथीतून वृद्धि-अंतःस्राव साधारण तीन तीन तासांच्या अंतराने लाटांसारखा सुटतो. दोन लाटांच्या मधे जवळजवळ ओहोटी असते. मादीत तो बऱ्याच अंशी संथ, सतत झिरपत राहतो. यकृत केवळ अंतःस्रावाचे प्रमाण ओळखत नाही, ते त्याची लयही ओळखते आणि त्या लयीनुसार आपली विकरे कमी-अधिक करते. नर पिलाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्याच्याच वृषणांतून सुटणारा टेस्टोस्टेरॉन या लयीचा शिक्का कायमचा उमटवून जातो.

ग्रंथींच्या बाबतीतले सर्वांत बोलके उदाहरण उंदराच्या एका नातलगाचे, सोनेरी हॅमस्टरचे आहे. याच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची एक ग्रंथी असते. मनुष्यात ती कार्यक्षम रूपात नसते. मादीच्या ग्रंथीत पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा प्रचंड साठा असतो, नराच्या ग्रंथीत तो नाममात्र. दोघांतील पेशींचे प्रकारही वेगळे. नराचे वृषण काढून टाकले तर काही काळात त्याची ग्रंथी मादीच्या ग्रंथीसारखी होऊ लागते, आणि अँड्रोजेन दिले तर ती परत फिरते. तोच प्राणी, तीच ग्रंथी. पण नुसते ‘हॅमस्टरच्या हार्डेरियन ग्रंथीत अमुक आढळले’ एवढे म्हणून भागत नाही.

हे ज्ञान आजकालचे आहे असेही नाही. १९३२ मध्ये निकोलस व बॅरन या दोघा संशोधकांनी उंदरांना भूल देण्यासाठी सोडियम अमायटल वापरताना पाहिले की मादीला नराच्या सुमारे निम्मी मात्रा पुरते. त्याला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही पुढील अनेक दशके प्रयोगशाळांत मुख्यतः नर उंदरांचीच चलती राहिली. बेरी व झुकर यांनी २०११ मध्ये जीवशास्त्राच्या दहा शाखांतील निबंध तपासले तेव्हा आठ शाखांत नर प्राण्यांकडे झुकाव आढळला. मज्जाशास्त्रात तर फक्त नरांवरचे निबंध फक्त माद्यांवरच्या निबंधांच्या साडेपाच पट होते. कारण असे दिले जाई की मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, त्यामुळे मोजमापे अस्थिर होतात. २०१४ मध्ये मादी माइसवरील २९३ निबंधांचा एकत्रित अभ्यास झाला व माद्यांची मोजमापे नरांपेक्षा अधिक अस्थिर नसतात असे दिसून आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना प्राण्याचे लिंग हा घटक विचारात घेणे बंधनकारक केले. त्याआधी, २०१३ मध्ये, झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा तेथील औषध प्रशासनाने दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली होती. ती गोळी तोवर वीस वर्षे बाजारात होती.

मग आपल्या औषधांवरचे निबंध कोणत्या प्राण्यांवर झाले आहेत? त्या वैद्येच्या ओळीनंतर मी माझ्या फाइलमधील अवटू ग्रंथीविषयक निबंध बाहेर काढून बसलो. इंदूरच्याच पांडा व कर यांनी अश्वगंधेच्या मुळाचा अर्क १९९८ मध्ये नर माइसना देऊन पाहिला व १९९९ मध्ये मादी माइसना. दुसऱ्या निबंधात अश्वगंधेबरोबर देवकांचनाच्या सालीचाही अर्क होता. देवकांचनाने टी-३ व टी-४ दोन्ही वाढले, अश्वगंधेने केवळ टी-४ वाढला. गुग्गुळावरील त्यांच्या १९९९ च्या निबंधात टी-४ फारसा बदलला नाही, पण टी-३ आणि टी-३चे टी-४शी असलेले गुणोत्तर वाढले, म्हणजे शिग्रूच्या नेमके उलट. गुग्गुळाबाबत याआधी १९८४ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील त्रिपाठी व सहकाऱ्यांनी झेड-गुग्गुलस्टेरॉन या घटकाने उंदरांची अवटू ग्रंथी उद्दीपित होते असे दाखवले होते. ही सर्व मंडळी आपापल्या निबंधात प्राणी, मात्रा, दिवस नोंदवतात. या गोष्टी गळतात त्या निबंध आणि माहितीपत्रक यांच्या मधल्या प्रवासात.

औषधी निर्माण करणाऱ्या व विकणाऱ्या बांधवांनी येथे क्षणभर थांबावे. ‘थायरॉइडवर’ म्हणून बाजारात असलेल्या प्रोप्रायटरी मिश्रणांत गुग्गुळ आणि शिग्रु दोन्ही एकत्र असलेली मी स्वतः पाहिली आहेत आणि दोहोंसाठी ‘संशोधनाचा’ आधार दिलेला पाहिला आहे. एक द्रव्य रूपांतर वाढवते म्हणून, दुसरे ते घटवते म्हणून; आणि दोन्ही ‘सिद्ध’! मिश्रणाचा परिणाम घटकांची बेरीज-वजाबाकी नसतो, हे मला मान्य आहे. पण मग घटकांच्या निबंधांची नावे छापू नयेत. आणखी एक बारकावा: निबंध देवकांचनाचा आहे, आपल्या कांचनार गुग्गुळातील द्रव्य कांचन आहे. गंधी लोकांच्या दुकानात दोन्हींची साल एकाच पोत्यातून निघते ही तक्रार जुनीच. पण निदान पत्रकात तरी दोन्ही एकाच पोत्यात भरू नयेत.

शिग्रूच्या बाबतीत ग्रंथाधार पुढे केला जातो, म्हणून तोही पाहू. शिग्रु वरुणादि गणात आहे, कफ-मेदावर त्याचे काम आहे, हे खरे. गलगंड व ग्रंथी यांवरील लेपात शिग्रूची बीजे मोहरी, जवस, मुळ्याचे बी यांबरोबर आंबट ताकात वाटून घेतात. तेथे बी आहे, पान नाही. लेप आहे, आभ्यंतर प्रयोग नाही. आणि गलगंड हे गळ्यातील सूज सांगणारे नाव आहे, अंतःस्रावाची पातळी सांगणारे नाही. बीजाचा लेप, पानाचा जलीय अर्क आणि पानाच्या भुकटीची कॅप्सूल ही तीन वेगळी औषधे होत. एकाचा आधार दुसऱ्याला चालतो असे मानणारा विद्यार्थी द्रव्यगुणाच्या तोंडी परीक्षेत नापास होईल. गलगंड बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून तर ‘संतुलन’ हा गुळमुळीत शब्द जन्माला आला.

मात्रेचा हिशोबही करून पाहावा. उंदराची मात्रा मनुष्याला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून ती साधारण सहाने भागतात. दर किलोस १७५ मिलिग्रॅम अर्क म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे एक ग्रॅम सातशे मिलिग्रॅम अर्क. मी देत होतो ती पाचशे मिलिग्रॅम पानाच्या भुकटीची कॅप्सूल, दिवसातून दोनदा. अश्वगंधेचा माइसवरील प्रयोग दर किलोस १.४ ग्रॅमचा, माइसना भागाकार बाराचा धरला तरी साठ किलोला सात ग्रॅम अर्क होतो. शिवाय उंदराच्या रक्तात टी-४चे अर्धायुष्य एका दिवसाहून कमी, मनुष्यात साधारण सात दिवस. उंदराचे दहा दिवस आणि बाईचे दहा दिवस हे सारखे नव्हेत.

तेव्हा माझ्या या लेखाचा अर्थ असा कोणी लावू नये की शेवग्याच्या पाल्याची भाजी खाल्ल्याने बायकांचा टी-३ खाली जातो. कोकणात घराघरांत ती होते आणि होत राहावी. मादी उंदरावरून स्त्रीविषयी भीती पसरवणे हे नर उंदरावरून स्त्रीविषयी आशा पसरवण्याइतकेच चूक आहे. यकृतातील विकरांचा नर-मादी भेद उंदरात जितका ठळक आहे तितका मनुष्यात नाही. मनुष्यात तो पुष्कळ सौम्य आहे. येथे आपला एक दुटप्पीपणा कबूल केला पाहिजे. एखाद्या परदेशी प्रयोगात आपल्या भस्माने उंदराचे वृक्क बिघडल्याचे वाचले की आपण तावातावाने म्हणतो, ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे.’ आणि त्याच उंदराच्या रक्तात आपल्या चूर्णाने काही सुधारले की ते वाक्य रंगीत छापतो. आधुनिक औषधशास्त्रात या बाबतीत निदान वाद तरी रीतसर घालतात. फेनोबार्बिटालने उंदरांत, विशेषतः नरांत, अवटू ग्रंथीचे अर्बुद होतात. ते मनुष्याला का लागू करू नयेत याची कारणमीमांसा त्यांनी उंदराची विकरे, टीएसएच आणि टी-४ वाहून नेणारी प्रथिने यांच्या आधारे पायरीपायरीने मांडली. आपल्याकडे अशी मीमांसा कोणी मांडली आहे का?

ज्येष्ठ वैद्य मंडळींचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आमच्या जिल्हा शाखेच्या बैठकीत माझ्या तोंडावर घेतला गेला: ‘आपले शास्त्र आप्तवचनावर उभे आहे, आपल्याला उंदीर हवेतच कशाला?’ या भूमिकेचा मी आदर करतो. पण ती घेणाऱ्याने मग उंदराचे नाव पत्रकावर छापून घेऊ नये. शिवाय प्राण्यांची साक्ष आपल्या पूर्वसूरींना वर्ज्य नव्हती. वाग्भटाचा अन्नरक्षेचा अध्याय आठवा. विषयुक्त अन्न ओळखण्यासाठी तेथे पशुपक्ष्यांची चांगली रांग उभी आहे. कावळ्याचा स्वर क्षीण होतो, हंस अडखळतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग उतरतो, वानर मलविसर्जन करतो, मोर मात्र हर्षित होतो. एकच विष, पण प्रत्येक प्राण्याची साक्ष निराळी, आणि कोणत्या प्राण्याचे कोणते लक्षण ते नेमके नोंदलेले. मोर आनंदला म्हणून राजाला ते अन्न वाढा, असे वाग्भट म्हणत नाही. आम्ही नेमके तेच करत आलो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो तरुणांकडून येतो. चरकाच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय अशा दहा बाबी सांगितल्या. स्त्री-पुरुष हा भेद तेथे स्वतंत्रपणे नाही. मग आपल्या शास्त्राला त्याचे महत्त्व नव्हते काय? मला तसे वाटत नाही. ज्या शास्त्राने रजःस्राव, ऋतुकाल, गर्भिणी आणि सूतिका यांची चिकित्सा वेगळी मांडली त्याला हा भेद ठाऊक होता. मात्र सामान्य व्याधींत, एकाच ज्वरात किंवा शोथात, स्त्रीची मात्रा वा द्रव्य बदलावे की नाही याची पद्धतशीर नोंद आपण पुढे केली नाही. ती करण्यासाठी उंदराचीही गरज नाही. आपल्या केसपेपरांवर ती माहिती रोज येते आणि रोज रद्दीत जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अश्वगंधेच्या चाचणीत अवटू ग्रंथीची अल्प मंदक्रिया असलेल्या पन्नास रुग्णांवर, रोज सहाशे मिलिग्रॅम अर्क अथवा निष्प्रभावी कॅप्सूल देऊन, आठ आठवडे निरीक्षण झाले व अश्वगंधेच्या गटात टीएसएच, टी-३, टी-४ सुधारले. पन्नास ही संख्या लहान आहे, पण ती माणसे आहेत. दुसऱ्या बाजूला परदेशांत अश्वगंधेच्या कॅप्सूल घेणाऱ्या व्यक्तींत अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेची प्रकरणेही प्रसिद्ध झाली आहेत. यांतले काय खरे आणि कोणासाठी खरे, हे ठरवायला लागणारी सामग्री आपल्याच औषधालयांत पडून आहे: वय, स्त्री की पुरुष, पाळी चालू की थांबलेली, थायरॉक्सिनची चालू मात्रा, सुरुवातीचे व तीन महिन्यांनंतरचे आकडे. एवढ्या पाच बाबी शंभर वैद्यांनी दोन वर्षे लिहून ठेवल्या तर ती सामग्री कोणत्याही रंगीत पत्रकाहून मोलाची ठरेल.

परवानगीच्या नियमांवर सारे सोडून चालणार नाही. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब ने आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकतेच्या पुराव्याची चौकट घातली, हे चांगलेच झाले. पण वैद्याच्या टेबलावर येणारे पत्रक त्या चौकटीतून गाळून येत नाही. ते गाळण्याचे काम आपण आणि औषध विक्रेत्यांनीच करायचे आहे. औषधालयाच्या मालकांना मी एवढेच सुचवीन की ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणणाऱ्या प्रतिनिधीला मूळ निबंध मागावा आणि तो हाती पडला की चार ओळी शोधाव्यात: प्राणी कोणता, नर की मादी, द्रव्याचा कोणता भाग व कोणत्या स्वरूपात, आणि मोजलेली गोष्ट वर गेली की खाली. बहुतेक प्रतिनिधी पुढच्या भेटीला निबंध आणत नाहीत. काही पुढच्या भेटीलाच येत नाहीत. दुकानातील दोन पेट्यांचा खप कमी होईल हे खरे. पण ज्या बाईचा टीएसएच चौदावर जातो ती परत येताना पेटीवरचे नाव घेऊन कंपनीकडे जात नाही, आपल्याकडे येते.

आपल्या या त्रैमासिकालाही विनंती आहे. ‘संशोधन-वार्ता’ या सदरात गेली कित्येक वर्षे ‘उंदरांवरील प्रयोगात आढळले’ असे मोघम सारांश छापले जातात. त्यांतले काही मीच पाठवले होते, तेव्हा ही टीका माझ्यावरही आहे. पुढील अंकापासून नर की मादी हे न सांगणारा सारांश परत पाठवावा. माझाही.

त्या शिक्षिका आता पूर्वीच्याच मात्रेवर आहेत आणि मागच्या महिन्यात त्यांचा टीएसएच चारच्या खाली आला. शिग्रूची कॅप्सूल बंद केली. शेवग्याच्या शेंगांची आमटी चालू ठेवायला सांगितली आहे. कंपनीला मी पत्र लिहून विचारले की आपल्या पत्रकात आधार दिलेल्या निबंधात टी-३ घटला आहे, तर हे औषध अतिक्रियेसाठी समजावे की मंदक्रियेसाठी, आणि नर उंदरांत काहीच बदल न झाल्याचा उल्लेख का गाळला. सात आठवड्यांनी उत्तर आले. सोबत नव्या छपाईचे पत्रक होते. ‘संतुलन’ हा शब्द तसाच आहे; तारांकन काढून टाकले आहे.